मधल्या वयाची पुस्तकं

आमच्या घरात बारा-तेरा वर्षांच्या माणसाला स्वतःची अशी जागा नसे. सांगलीच्या गावभागातलं एकत्र कुटुंबाचं घर. सोपा पुरुषमंडळींचा, स्वयंपाकघर बायकांचं, माजघर आजीचं आणि परसदार लहान पोरांचं. बारा वर्षांचा मुलगा परसात गोट्या खेळताना दिसला की ‘एवढा घोडा झालास तरी’ म्हणून बोलणी खायचा. सोप्यात मोठ्यांच्या गप्पांत त्यानं एखादं वाक्य टाकलं, तर ‘मोठ्या माणसांत तोंड घालू नये’ हे ठरलेलं. मुलगी असेल तर तिचं बालपण आणखी थोडं आधीच आवरतं घेतलं जाई. धाकट्यांच्या वेण्या, ताटं-पाणी, निवडणं-टिपणं आपोआप तिच्याकडे यायचं. आणि घरात काही महत्त्वाचं बोलणं निघालं की ‘जा गं, बाहेर कोण आलंय बघ’ म्हणून तिलाच उठवायचे.

आम्ही चुलत-आत्ये भावंडं १९७० ते १९८५ च्या दरम्यान एकामागून एक या मधल्या वयातून गेलो. घरानं माया भरपूर केली, त्यात काडीची कसर नव्हती. पण त्या वयाला हवी असलेली वेगळी जागा मिळाली ती किशोरांच्या कादंबऱ्यांमध्ये. यंदाच्या उन्हाळ्यात मी त्या ठरवून पुन्हा वाचल्या. काही आमच्या वेळच्या, काही आम्ही मोठे झाल्यावर आलेल्या. वाचता वाचता एकेका भावंडाला फोन होत गेले आणि प्रत्येकानं आपापलं काही सांगितलं. त्यामुळे हे लेखन आम्हा सगळ्यांचं मिळून आहे. लिहिणारा हात तेवढा माझा.

पुस्तकं घरात यायची ती धाकट्या काकांमुळे. वाचनालयाची वर्गणी त्यांच्या नावावर होती. कचेरीतून येताना ते पुस्तकं बदलून आणत. आजोबांसाठी चरित्र किंवा प्रवासवर्णन, बायकांसाठी कादंबरी, आणि जमलं तर एक आमच्यासाठी. आमचं पुस्तक ते कुणाच्या हातात देत नसत. माडीच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवत आणि हातपाय धुवायला निघून जात. कुणी वाचलं, किती वाचलं, काय कळलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्या घरात हे नवलच होतं, कारण बाकी सगळ्याची उजळणी व्हायची. पाढ्यांची व्हायची, स्तोत्रांची व्हायची आणि ‘श्यामची आई’चीसुद्धा व्हायची.

‘श्यामची आई’ आजी दिवेलागणीनंतर माजघरात आमच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायची. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं, हे आजोबा दर वेळी सांगत आणि आम्हीही दर वेळी थक्क होत असू. त्या पुस्तकानं आम्हाला खूप दिलं. आजही त्यातली आई डोळ्यांपुढे आली की गळा दाटतो. पण ते वाचन चारचौघांतलं होतं. एक रात्र वाचून झाली की ‘यातून काय घ्यायचं?’ हा प्रश्न येणार हे माहीत असायचं, आणि रडू आलं तरी ते सगळ्यांच्या देखत यायचं. जिन्यावरच्या पुस्तकांना तो प्रश्न नव्हता. ती आमची होती.

पुस्तक एक आणि वाचणारे ढीगभर, म्हणून नंबर लावलेले असत. दादा पहिला, कारण तो थोरला आणि झपाट्यानं वाचणारा. मग ताई, मग आत्याचा मुलगा, मग मी, मग खालची पिलावळ. शेवट सांगायचा नाही, हा एकच कडक नियम. तो मोडणाऱ्याचा नंबर पुढच्या पुस्तकाला सर्वांत शेवटी जाई. ‘किशोर’ आणि ‘चांदोबा’ यांचे गठ्ठे माडीवर असत, त्यांना नंबराची भानगड नव्हती. ज्याला जो अंक सापडेल तो त्यानं घ्यायचा. बालभारतीनं ‘किशोर’ सुरू केलं १९७१ साली, म्हणजे आमच्यातले थोरले वाचू लागले त्याच सुमारास, म्हणून ते मासिक आम्हाला आमच्याच वयाचं वाटायचं.

वाचनालयाच्या पुस्तकाला पेन लावायची कुणाची छाती नव्हती. पण दिवाळीच्या ओवाळणीतून विकत घेतलेली पुस्तकं आमच्या मालकीची. त्यांना आम्ही खाकी कागदाचं कव्हर घालत असू, आणि त्या कव्हराच्या आतल्या बाजूला, पुस्तकाच्या पुठ्ठ्याला चिकटणाऱ्या अंगाला, वाचून झालेल्यानं आपलं आद्याक्षर लिहायचं असे. ताईनं त्यात एक भर घातली. पुस्तक वाचताना ज्याला रडू आलं, त्यानं अक्षराशेजारी एक टिंब द्यायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही, चिडवायचं नाही. वरून बघणाऱ्या मोठ्या माणसाला काहीच दिसत नसे; कव्हर उलगडलं तरच कळायचं की कोण वाचून गेलं आणि कुणाचे डोळे भरले. आमच्या पिढीनं एकमेकांना आपलं मन दाखवलं ते असं, पेन्सिलीच्या टिंबांतून.

पहिला आमच्या घरात शिरला तो फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा. किडकिडीत अंगकाठी, सायकल आणि जिभेनं काढलेला तो ‘ट्टॉक’. माडीवर दिवसभर ट्टॉक ट्टॉक चालायचं आणि खालून आजी विचारायची, ‘अरे, पाल चुकचुकतीय का कुणी?’ फेणे प्रतापगडावर जायचा, काश्मिरात जायचा, चोरांच्या मागावर निघायचा, आणि आम्ही आयर्विन पूल ओलांडून सांगलवाडीपर्यंत सायकल नेली तरी आपण मोठी मोहीम काढली असं आम्हाला वाटायचं. ती सायकलही आजोबांची, नळीतून पाय घालून चालवायची.

आता वाचताना मला दिसते ती भागवतांच्या वाक्यांची चाल. ते वाक्य कधी थबकत नाही. एका परिच्छेदात पोरगा शाळेतून निघतो, वाटेत काहीतरी खटकतं, पुढच्या परिच्छेदात तो सायकलवर असतो. योगायोग पुष्कळ आहेत. चोर नेमके फेण्याच्याच वाटेत येतात. पण भागवतांनी एक गोष्ट फार विचारानं केली आहे. फेण्याचं घर गावाकडे आहे आणि तो शहरात. आईवडिलांची माया आहे, धाकही आहे, पण ते हाकेच्या अंतरावर नाहीत. निर्णय त्याला स्वतःला घ्यायचा असतो, आणि घेतलेला निर्णय निभवायचाही असतो. घरात साधं रॉकेल आणायला जायचं तरी तिघांना विचारून निघणाऱ्या आम्हा पोरांना ही केवढी मोठी गोष्ट होती! शिवाय फेणे उद्धट नाही. तो मोठ्यांना तुच्छ लेखत नाही. त्यांच्या आधी पोचतो, एवढंच.

दादा म्हणाला, ‘मला सायकलनं काही शिकवलं असेल तर ते हे, की परवानगी आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’ तो पुढे आयुष्यभर फिरतीच्या नोकरीत राहिला, त्याच्या तोंडून हे ऐकताना मला बरं वाटलं. १९८७ च्या सुमारास सुमीत राघवन दूरदर्शनवर फेणे झाला तेव्हा आम्ही थोरले कॉलेजातून केव्हाच बाहेर पडलो होतो, तरी झाडून सगळे टीव्हीपुढे बसलो. २०१७ साली सिनेमा आला; त्यात अमेय वाघनं तरुण फेणे केला आणि खुद्द भा. रा. भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर होते. लेखकालाच गोष्टीत आणून बसवलं, हे मला फार आवडलं. ताईचं मत निराळं. तिच्या मते फेण्याचं सगळं बळ त्याच्या शाळकरी असण्यात आहे, त्याला मोठं करू नये. आमच्यात यावर अजून एकमत नाही.

भागवतांनीच आम्हाला ज्यूल व्हर्न दिला. ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही पुस्तकं आत्याच्या मुलानं अक्षरशः पाठ केली. चंद्रावर माणूस १९६९ साली उतरला होता आणि व्हर्नचं मूळ पुस्तक १८६५ सालचं. या दोन आकड्यांमधलं अंतर तो आम्हाला गच्चीवर झोपताना पुन:पुन्हा मोजून दाखवायचा. भागवतांचा बिपिन बुकलवार तर पुस्तकांसाठी जीव टाकणारा मुलगा. वाचणारा मुलगाही गोष्टीचा नायक होऊ शकतो, हे आम्हाला त्यानं सांगितलं. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्याही याच काळात भेटला. पोरका गोट्या आणि त्याला आपलंसं करणारं घर. एवढ्या माणसांनी भरलेल्या घरात राहणाऱ्या आम्हाला त्याच्या एकटेपणाची कल्पना करायला वेळ लागला. पण धाकट्या काकूंनी ते पुस्तक आपल्या उशाशी ठेवलं होतं, त्याचं कारण मोठेपणी कळलं. त्यांचं बालपण मामाकडे गेलं होतं.

मात्र आम्हा मुलींच्या मनात एक गोष्ट सलत असे. फेणे आमचा, बिपिन आमचा, गोट्या आमचा, पण सायकलवर बसलेली, मोहिमेला निघालेली मुलगी कुठे होती? बहिणी होत्या, मैत्रिणी होत्या, त्या हुशारही होत्या. तरी गोष्ट त्यांची नव्हती. ताईनं हा प्रश्न एकदा धाकट्या काकांना विचारला. ते काही बोलले नाहीत. थोड्या दिवसांनी जिन्याच्या पायरीवर ‘चौघीजणी’ दिसलं.

लुइसा मे अल्कॉटची ही कादंबरी शांता शेळक्यांनी मराठीत आणली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा काळ, वडील युद्धावर गेलेले, घरात आई आणि चार मुली, हाताशी पैसा बेताचा. त्या मुली आम्हाला परक्या वाटल्याच नाहीत. दोरीवर वाळत घातलेल्या एकाच चांगल्या परकरावरून होणारी भांडणं आम्हाला नवी नव्हती. त्या चौघींतली ज्यो लिहिणारी, तडकू, लांब ढांगा टाकणारी. आम्हा सगळ्याच मुलींना ज्यो व्हायचं होतं.

ज्योनं लिहिलेल्या गोष्टींची वही तिची धाकटी बहीण ॲमी रागाच्या भरात जाळून टाकते. या एका प्रसंगावर आमच्या माडीवर अख्खी सुट्टी वाद चालला होता. ज्योनं ॲमीला माफ करावं की करू नये? मोठी काकू म्हणाली, ‘बहीणच ती, सोडून द्यावं.’ ताई म्हणाली, ‘वही पुन्हा लिहून होते का?’ त्या वादात पहिल्यांदाच आमच्या घरात एखाद्या मुलीच्या रागाला योग्य मानलं गेलं. आता पुन्हा वाचताना मला जाणवतं की अल्कॉट कुणालाच सोडत नाही. ज्यो माफ करायचं नाकारते, त्या हट्टातून ॲमीच्या जिवावर बेततं, आणि मग ज्योला स्वतःच्या रागाची भीती वाटते. राग खरा आहे, त्याचं कारणही खरं आहे, आणि तरी त्याची किंमत मोजावी लागते. बाराव्या वर्षी कुणी समोर बसवून हे सांगितलं असतं तर ते उपदेशात जमा झालं असतं. गोष्टीतून आलं म्हणून ते आत गेलं. ताई पुढे शिक्षिका झाली. वर्गातल्या मुलींची भांडणं ती कधीच ‘चला, आता बट्टी करा’ म्हणून मिटवत नसे. आधी दोघींचं ऐकून घ्यायची. ते ‘चौघीजणी’तून आलं, असं ती आजही सांगते.

आणि मग ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्जची ही कादंबरी १९३८ सालची, तिला पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. राम पटवर्धनांनी तिचं मराठी केलं. मराठीत किशोरवयावर यापेक्षा मोठं पुस्तक मी वाचलेलं नाही. ते अनुवादित आहे म्हणून त्याचं मराठीपण मला कमी वाटत नाही. फ्लॉरिडाच्या रानातलं ते शेत आम्हाला मिरजेच्या पलीकडे कुठेतरी असल्यासारखं वाटायचं.

ज्योडी हा एकुलता एक मुलगा. वडील पेनी अंगानं लहानखुरे, मनानं हळवे. आई कष्टानं टणक झालेली. रानात पेनीला विषारी साप चावतो. जीव वाचवण्यासाठी तो एक हरिणी मारतो आणि तिच्या काळजानं विष ओढून घेतो. त्या हरिणीचं पोरकं पाडस ज्योडी घरी आणतो. इथपर्यंत ही मायेची गोष्ट आहे. मग पाडस मोठं होतं आणि शेतातली कोवळी रोपं खाऊ लागतं. त्या घरात मका म्हणजे वर्षभराचं अन्न. वडील दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले. ज्योडी पुन्हा पेरणी करतो, एकट्यानं कुंपण उंच करतो, हातांना घट्टे पडतात. पाडस ते कुंपण सहज ओलांडून जातं. शेवटी वडीलच सांगतात की त्याला गोळी घालावी लागेल. ज्योडीच्यानं ते होत नाही. आईचा नेम नीट बसत नाही, पाडस जखमी होऊन तडफडतं, आणि मग ज्याचं ते लाडकं त्यालाच ते संपवावं लागतं.

आमच्या घरच्या ‘पाडस’च्या कव्हराआतली सगळी अक्षरं टिंबांसकट आहेत. दादाचंही टिंब आहे. सोळा वर्षांच्या दादाला रडू येतं ही बातमी मला त्या टिंबानं दिली, आणि त्या दिवसापासून मला दादाची भीती वाटेनाशी झाली. धाकट्या चुलतभावानं तर तीन टिंबं दिली आहेत, एकावर एक गिरवून. त्याच्या लाडक्या वासराला त्याच वर्षी बाजारात नेलं होतं. घरी त्यावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. दुभतं नसलेलं जनावर किती दिवस पोसायचं, हा हिशेब सगळ्यांना मान्य होता. त्यालाही कळत होता. पण हिशेब कळला म्हणून दुःख संपत नाही, हे त्याला त्या पुस्तकाशिवाय कुणीच सांगितलं नाही.

यंदा वाचताना मी थांबले ती गोळीच्या प्रसंगाशी नाही, पाणचक्कीशी. सुरुवातीला ज्योडी झऱ्यावर काटक्यांची आणि पात्यांची एक छोटी पाणचक्की करतो. पाणी ती फिरवत राहतं आणि तो तासन्‌तास बघत बसतो. पाडस गेल्यानंतर तो पुन्हा त्याच झऱ्यावर येतो, पुन्हा तशीच चक्की करतो. ती फिरते, पण आता त्यात त्याचा जीव रमत नाही. रॉलिंग्जनं एवढंच लिहिलं आहे आणि ते पुरेसं आहे. मूलपण कधी संपतं याचं यापेक्षा नेमकं वर्णन मला ठाऊक नाही. चक्की तीच, पाणी तेच, हात तेच. घरातून पळून गेलेला, भुकेनं कळवळलेला ज्योडी परत येतो तेव्हा वडील त्याच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसे बोलतात. आपली बाजू मांडतात. आयुष्य माणसाला आडवं पाडतं, त्यानं उठायचं असतं, असं त्याला बरोबरीनं सांगतात. मधल्या वयातल्या मुलाशी बरोबरीनं बोलणारा मोठा माणूस आम्हाला प्रथम भेटला तो या पुस्तकात.

यानंतर आमच्यापुढे एकदम दरी होती. ‘पाडस’ संपलं की थेट ‘ययाती’ आणि ‘मृत्युंजय’. चौदाव्या वर्षी खांडेकरांचा ययाती वाचताना शब्द कळायचे, वासना कळायची नाही. आणि जेवढी कळायची तेवढ्यानं आपण काही गुन्हा करतोय असं वाटायचं. पुस्तक अभ्यासाच्या वहीखाली लपवलेलं असे. कर्ण तरी जवळचा वाटला, कारण घरात आपलं स्थान नेमकं काय, हा त्याचा प्रश्न आमच्या वयाचाच होता. पण आमच्यासारख्या मुलांच्या अंगात आणि मनात जे चाललं होतं, ते आमच्याच भाषेत, आमच्याच गल्लीतलं, कुणी लिहिलेलं आमच्या हाती आलं नाही. ते आलं आम्ही मोठे झाल्यावर.

प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ १९९४ साली आलं, त्यामागून ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. त्या लंपनच्या गोष्टी आम्ही कादंबरीसारख्या सलग वाचल्या. आईवडील-भावंडांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन. त्याचं मराठी सीमाभागातलं, कानडीच्या वाऱ्यातलं. आमच्या आजीचं माहेर बेळगावकडचं, त्यामुळे लंपनची आजी बोलू लागली की आम्हाला आमच्या माजघरातला आवाज ऐकू यायचा. आत्याचा मुलगा तेव्हा परदेशात होता. त्याला मी पुस्तकं पाठवली. त्याचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की लंपनला सुमीविषयी जे वाटतं त्याला नाव द्यायची घाई संतांनी केली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. खरंच आहे ते. रेल्वेची शिट्टी, घंटेचा आवाज, फुलांचा वास, आणि या सगळ्यांच्या मधे एक मुलगी. बारा-तेरा वर्षांच्या मनात या गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात. संतांनी त्या तशाच एकत्र राहू दिल्या.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ सालची. काळ मात्र आमचाच, १९७५-७६, आणीबाणीचा. नववीतला जोशी, त्याचे मित्र सुऱ्या, चित्रे, फावड्या, आणि त्याच्या मनात असलेली शिरोडकर. बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीत बसून ही पोरं जगाविषयी बोलतात. आमची ती जागा म्हणजे माडी. या कादंबरीतल्या मुलांची भाषा वाचून धाकट्या काकू दचकल्या होत्या. आम्ही मात्र ओळखीचं हसलो, कारण गल्लीच्या कोपऱ्यावर हीच भाषा होती आणि घराच्या उंबऱ्याशी ती गिळली जायची. ‘शाळा’तला नरूमामा मला पुन्हा वाचताना जास्त दिसला. तो जोशीला समजावत बसत नाही. त्याच्याशी बोलतो, त्याला सिनेमाला नेतो, आणि मुलाचं गुपित त्याचं त्याच्याकडे राहू देतो. कादंबरीच्या शेवटी शिरोडकर गाव सोडून गेलेली असते, मित्र पांगतात आणि जोशीपुढे दहावी उभी राहते. शोकान्त म्हणावा असं काही घडत नाही. तरी त्या वयात एक वर्ष संपतं म्हणजे काय काय संपतं, हे बोकिलांनी मन मोठं करून लिहिलं आहे.

माझी भाची तेरा वर्षांची आहे, पुण्यात इंग्रजी शाळेत शिकते. तिच्या कपाटात जाडजूड इंग्रजी मालिका आहेत आणि ती त्या मनापासून वाचते. मी ‘शाळा’ वाचत होते तेव्हा तिनं उचलली. मराठी वाचताना अडखळत होती, तरी सोडली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, ‘मावशी, जोशीला काय वाटतं ते सगळं कळलं. शिरोडकरला काय वाटत होतं?’ जोशी सांगतोय म्हणून ते आपल्याला दिसत नाही, असं मी म्हणाले. ती म्हणाली, ‘मग शिरोडकरनं सांगितलेली गोष्ट कोणती?’

ताईनं माडीवर विचारलेलाच हा प्रश्न, इतक्या वर्षांनी, नव्या तोंडून. ‘चौघीजणी’ मी तिला दिलं आहे, ‘तोत्तोचान’ दिलं आहे. पण मराठी मुलीनं मराठी गल्लीतून, आपल्या तेराव्या वर्षातून सांगितलेली, ‘शाळा’च्या तोडीची कादंबरी तिला हवी आहे, आणि ती मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. मराठीत लिहिणाऱ्या बायकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की ही गोष्ट लिहा. आमच्या पिढीतल्या मुलींकडे तिचा सगळा ऐवज आहे. वहीखाली लपवलेली पुस्तकं आहेत, उठवून बाहेर पाठवलं गेल्यावर दाराआडून ऐकलेली बोलणी आहेत, माडीवरचे वाद आहेत.

या सगळ्या कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्यावर मला एक समान गोष्ट दिसली. फेण्याचे आईवडील गावाकडे आहेत. चौघींचे वडील युद्धावर आहेत. लंपनचे आईवडील दुसऱ्या गावी आहेत. पेनी अंथरुणाला खिळतो आणि शेत मुलाच्या हाती येतं. नरूमामा आहे, पण तो मागे लागत नाही. प्रत्येक गोष्टीत मोठी माणसं एक पाऊल मागे सरली आहेत, आणि त्यांनी मोकळी केलेली तेवढी जागा मधल्या वयाची झाली आहे. माया कमी करून ती जागा झालेली नाही. मायेनं आपला हात थोडा आवरला, म्हणून झाली. धाकटे काका जिन्यावर पुस्तक ठेवून हातपाय धुवायला जात, तेव्हा ते हेच करत होते. तो त्यांचा विसराळूपणा नव्हता. पुस्तक कोणतं आणायचं याचा विचार त्यांनी केलेला असे. ताईच्या प्रश्नानंतर ‘चौघीजणी’ आलं ते आपोआप आलं नव्हतं. निवड त्यांची, वाचन आमचं, आणि मधे प्रश्नोत्तरं नाहीत. ही वाटणी त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

आज आमची पिढी त्यांच्या जागी आहे. आमच्या नातवंडांना खोल्या आहेत, टेबलं आहेत, हातात फोन आहेत. पण त्यांचं मधलं वय आमच्यापेक्षा जास्त भरून गेलेलं आहे. त्यांच्या प्रत्येक तासाला शिकवणी आहे, प्रत्येक वाचनाला प्रकल्प आहे, आणि पुस्तक संपलं की त्यावर बोलून दाखवायचं असतं. त्यांना पुस्तकं मिळतात, ती पुस्तकं फक्त त्यांची राहत नाहीत. म्हणून आम्ही भावंडांनी या उन्हाळ्यात आपापसांत एक ठरवलं आहे. घरातल्या प्रत्येक मुलाला बारावं लागलं की त्याला पाच पुस्तकं द्यायची. एक फेणे, ‘चौघीजणी’, ‘पाडस’, ‘वनवास’ आणि थोडं पुढे वाचायला ‘शाळा’. कुठल्या भाषेच्या शाळेत शिकतो हे बघायचं नाही. अडखळत वाचलं तरी चालेल, अर्धवट सोडलं तरी चालेल. आणि दिल्यानंतर ‘वाचलंस का?’ असं कुणीही विचारायचं नाही. आपणहून बोलायला आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायचं.

यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे, पण ते आम्ही करणार आहोत. धाकट्या काकांनी एवढ्या गलक्यात ते जमवलं होतं. आम्हाला तर घरं शांत मिळाली आहेत.